मदत हवी आहे : १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन तापले की बंद पडते (गाडी अजून अर्धवट आहे)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली अडीच वर्षे मी १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे काम करतो आहे. पत्रेकाम संपून प्रायमर मारून झाला आहे, पण सीटा, काचा, वायरिंग आणि डिकीतली पेट्रोलची टाकी अजून माळ्यावरच आहेत. इंजिन (१०८९ सीसी, चार सिलिंडर) मात्र पूर्ण उघडून केले आहे. उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करून घेतले आणि ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग व हेड गॅस्केट बसवले. रंगाला गाडी पाठवण्याआधी इंजिन नीट चालते की नाही हे पाहावे, म्हणजे नव्या रंगावर पान्हे आपटण्याची वेळ येणार नाही, असा विचार होता.

अडचण अशी आहे. सकाळी थंड असताना चोक ओढून स्टार्टर मारला की इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात सुरू होते आणि चोक आत ढकलल्यावर छान एका लयीत चालते. दहा-बारा मिनिटांनी मिसिंग (मधूनमधून ठोका चुकणे) सुरू होते, ॲक्सिलरेटर दिला तर कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येतो आणि मिनिटाभरात इंजिन बंद पडते. त्यानंतर कितीही स्टार्टर मारला तरी ते उचलत नाही. अर्धा तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. आतापर्यंत सहा वेळा हेच घडले आहे.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) थंड असताना १ ते ४ क्रमाने १३०, १२८, १३२ आणि १२६ पीएसआय आले, आणि बंद पडल्यावर लगेच, गरम असताना मोजले तरी जवळजवळ तेवढेच आले. त्यामुळे टॅपेट घट्ट राहून व्हॉल्व्ह उघडे राहत असावेत ही माझी पहिली शंका मी सोडून दिली आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तपासली आहे, टायमिंग चाचणी दिव्याने लावले आहे आणि पॉइंटची (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) फट ०.४ मिमी ठेवली आहे. पाणी उकळत नाही आणि तेलात पाणी उतरलेले नाही.

माझा खरा गोंधळ यापुढे आहे, कारण बंद पडल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला तर थंड असताना जी निळी, कडकडणारी ठिणगी पडत होती तिच्या जागी पिवळट, केसासारखी बारीक ठिणगी पडते आणि मधूनमधून पडतच नाही. दुसरी म्हणजे एसी पंपातून (इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपातून) कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींनी नजर टाकताच "पेट्रोल उकळतंय, पंपावर ओलं फडकं टाका" असे सांगितले. घाट चढताना फियाटवाले हा उपाय सर्रास करत असत, हे मीही लहानपणी पाहिले आहे. फडके टाकले, त्यावर पाणीही ओतत राहिलो, पण इंजिन दोन-तीन मिनिटे जास्त चालले आणि पुन्हा बंद पडले.

सध्याची मांडणीही सांगतो. बॅटरी गाडीबाहेर लाकडी फळीवर आहे आणि तिचा निगेटिव्ह चिमट्याने थेट गिअरबॉक्सला जोडला आहे. इग्निशनसाठी बॅटरीपासून एका साध्या स्विचमधून कॉइलपर्यंत (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागापर्यंत) एकच वायर नेली आहे. गाडी घेतली तेव्हा कॉइल नव्हती, म्हणून बाजारातून एक सुटी, कसलेही लेबल नसलेली कॉइल आणली. पेट्रोल जमिनीवरच्या कॅनमधून पंपच ओढतो.

इंजिन पुन्हा उघडायची माझी तयारी नाही, आणि तशी गरज असेल असे वाटतही नाही. दोष पेट्रोलचा की करंटचा, हे निश्चित वेगळे करण्याची पद्धत जाणकारांनी कृपया सांगावी.

प्रतिसाद

कॉम्प्रेशनचे गरम आणि थंड असे दोन्ही आकडे दिलेत, हे उत्तम केलेत. इंजिनाच्या आत हात घालू नका.

आधी पेट्रोलची शंका मिटवा. पंप पूर्ण वगळा, कॅन गाडीपासून हातभर लांब एका भक्कम स्टुलावर, कार्ब्युरेटरपेक्षा थोड्या उंचीवर ठेवा आणि पेट्रोल उताराने येऊ द्या. कॅन इंजिनाच्या वर टांगू नका, आणि ठिणगीची तपासणी करायची असेल त्या वेळी कॅन शेडबाहेर न्या. नळीत एकही बुडबुडा नसताना इंजिन त्याच मिनिटाला बंद पडले, तर बुडबुडे हे कारण नाही. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गाडी सुरू होईल आणि कशाने झाली ते कळणार नाही.

नंतर कॉइलच्या दोन्ही वायरी काढून प्रायमरीचा (कॉइलच्या आतल्या पहिल्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स मोजा. थेट १२ व्होल्टवर चालणारी कॉइल साधारण ३ ओहम दाखवते. १.५ ओहमच्या आसपास आकडा आला तर ती कॉइल बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट आटोक्यात ठेवणाऱ्या जोड-रेझिस्टरसोबत) वापरायची आहे. तिला थेट बॅटरी दिली की ४ ऐवजी ८ अँपिअर करंट वाहतो, कॉइल तापते, तापली की ठिणगी मरते आणि पॉइंटही जळतात. बंद पडल्यावर कॉइलला हात लावून पाहिला होता का? पॉइंटचा रंग कसा आहे? कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा भाग) नवा असला तरी तो चांगलाच असेल असे गृहीत धरू नका, आणि गाडीत वायरिंग टाकाल तेव्हा इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी प्रायमर खरवडून उघड्या पत्र्यावरच बसवा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. रविवारी सांगितलेल्या क्रमानेच सगळे केले.

कॅन स्टुलावर ठेवून, पंप वगळून इंजिन चालवले. नळीत एकही बुडबुडा नव्हता, तरीही अकराव्या मिनिटाला मिसिंग सुरू झाले आणि इंजिन बंद पडले. कॉइलला हात लावला तो झटक्यात मागे घ्यावा लागला. थंड झाल्यावर मोजले तर १.६ ओहम आले. डेल्कोचे (डिस्ट्रिब्युटरचे) झाकण काढून पाहिले तेव्हा महिन्यापूर्वीच घातलेल्या पॉइंटची तोंडे निळसर काळी पडून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असे दिसले. तेच पॉइंट मी आधी बाहेरून पाहून "नवेच आहेत" म्हणून सोडून दिले होते, याची आता लाज वाटते.

३.१ ओहमची कॉइल, नवे पॉइंट आणि दुसऱ्या जुन्या गाडीतला, चालतो अशी खात्री असलेला कंडेन्सर बसवला. एका वेळी एकच बदल करण्याचा नियम इथे मोडला हे कबूल करतो, पण जळके पॉइंट परत घालण्याचा धीर झाला नाही. इंजिन सलग पन्नास मिनिटे चालले, मीच शेवटी बंद केले, आणि गरम असतानाच पुन्हा स्टार्टर मारला तेव्हा लगेच उचलले.

आता उरलेली शंका. कॅन परत जमिनीवर ठेवून पंप जोडला की बुडबुडे अजून दिसतात. इंजिन त्यामुळे बंद पडत नाही, मात्र गाडी अजून उभी आहे, तिच्यावर ओझे नाही आणि बॉनेटही नाही. पंपाचा डायफ्रॅम जुन्या साठ्यातला आहे, आणि हल्ली पेट्रोल पंपावर विकत मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर टिकत नाही. तेव्हा पंपाच्या ओढणाऱ्या बाजूने हवा शिरते आहे की नळी एक्झॉस्टजवळून गेल्यामुळे पेट्रोलची वाफ होते आहे, हे कसे ओळखावे? तेवढे कळले तर टाकी बसवण्याआधीच मागून येणारी धातूची नळी कोणत्या बाजूने न्यायची ते ठरवता येईल.