कथासंग्रहाचे बाड लहान प्रकाशनसंस्थेकडे पाठवताना

प्रश्न : डिचोलीची कथालेखिका

सप्रेम नमस्कार.

आजवर लिहिलेल्या कथांपैकी दहा-अकरा कथांचा संग्रह व्हावा असे आता मनापासून वाटू लागले आहे. कथा बहुतेक गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातल्या आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर ज्यांच्या दारात कर्जाचे ट्रक नुसते उभे राहिले, त्या घरांतली माणसे त्यांत आहेत. काही कथा दिवाळी अंकांतून आणि एक वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतून प्रसिद्ध झाली आहे. बाकीच्या अप्रकाशित आहेत. संवाद बऱ्याच ठिकाणी कोकणीत आहेत, कारण ती माणसे घरात कोकणीच बोलतात.

वर्षाला मोजकीच, पण निवडून पुस्तके काढणाऱ्या एखाद्या लहान प्रकाशनसंस्थेकडे हे लेखन द्यावे असा विचार आहे. संपूर्ण बाड एकदम पाठवावे की आधी दोन-तीन कथा पाठवून विचारावे, पूर्वी छापून आलेल्या कथा पुस्तकात घेण्यासाठी त्या त्या संपादकांची परवानगी लागते का, एकाच वेळी दोन संस्थांकडे बाड देणे अनुचित ठरते का आणि लेखकाकडेच पैसे मागितले गेले तर काय समजावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : संपादक, फोंडा

ताई, मी एका लहान प्रकाशनासाठी कथा-कादंबऱ्यांचे संपादन करतो, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसते तेवढे सांगतो.

ज्या संस्थेकडे बाड द्यायचे तिची निदान दोन-तीन पुस्तके वाचल्याशिवाय पाकीट बंद करू नये. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी कथांच्या कपाटांपुढे एक दुपार घालवली, तर कोणती संस्था कोणत्या प्रकारचे लेखन काढते याचा अंदाज कोणालाही न विचारता येतो. पुस्तक हातात घेतल्यावर श्रेयपान अवश्य उघडावे. संपादकाचे आणि मुद्रितशोधकाचे नाव जिथे वेगळे छापलेले असते, तिथे मजकुरावर कोणीतरी मन लावून बसले होते असे मी धरून चालतो. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी दिसल्या, तर मुखपृष्ठ कितीही देखणे असले तरी त्या संस्थेकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान संस्थेत बाड वाचणारा, छपाईचे दर ठरवणारा आणि पुस्तकांची पार्सले बांधणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्यामुळे संस्थेने वेगळे काही सुचवले नसेल तर आधी एक पानाचे पत्र, संग्रहाची अनुक्रमणिका आणि दोन कथा पाठवणे उत्तम. त्यांतली एक अप्रकाशित असावी. पत्रात आपण कोण, कथा कोणत्या परिसरातल्या व कोणत्या काळातल्या, एकूण शब्दसंख्या किती, कोणती कथा कुठे व कोणत्या साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्या प्रकाशनातले कोणते पुस्तक वाचून आपल्याला त्यांच्याकडे यावेसे वाटले, इतके आले की पुरे. खाणी बंद झाल्यानंतरच्या घरांविषयी आपण येथे जे एक वाक्य लिहिले आहे, तेच पत्रात जसेच्या तसे जावे. कथांचा आशय समजावून सांगणारे परिच्छेद मात्र लिहू नयेत.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. एखाद्या मान्यवराकडून प्रस्तावना आधीच लिहून घेऊन ती बाडाला जोडण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडावी. प्रस्तावना हवी की नको आणि हवी तर कोणाची, हे संपादकाशी बोलून ठरवायचे असते. ती तयार असली की संपादकाचा संकोच होतो, आणि पुढे तो कथांविषयीही मोकळेपणाने बोलत नाही.

कथांचा क्रम लावण्यासाठी निदान काही दिवस द्यावेत. त्या ज्या क्रमाने छापून आल्या, त्याच क्रमाने लावलेले संग्रह माझ्याकडे नेहमी येतात आणि लगेच ओळखू येतात. मी पहिली कथा वाचतो, मग मधलीच एखादी उघडतो, आणि या दोहोंत वेगवेगळी माणसे भेटली तर पूर्ण बाड वाचायला घेतो. दहा-अकरांतल्या दोन कथांविषयी आपल्याच मनात शंका असेल, तर त्या आताच काढून ठेवाव्यात. पृष्ठसंख्येची चिंता करू नये. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापले जाते, त्यामुळे १२८ पानांचा म्हणजे आठ फर्म्यांचा कथासंग्रह चांगला ऐसपैस होतो, आणि तो छापणे लहान संस्थेला १९२ पानांपेक्षा पुष्कळ सोपे जाते.

मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या कथा दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन उघडतात, आणि रूपांतर करून घेतल्या तर रफार व जोडाक्षरे हटकून बिघडतात. ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ होते ते नजरेला खटकते तरी. पण ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की सत्तरीच्या डोंगरात समुद्र येतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस तो पकडू शकत नाही. म्हणून रूपांतरानंतर कथा कागदावर छापून, ओळीखाली पट्टी धरून वाचावी. निवेदनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे आणि त्यांना १९७२ मध्ये जोडलेले नियम पाळावेत. वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही पाठवाव्यात, म्हणजे अक्षरे कशी दिसायला हवीत हे पीडीएफवरून पडताळता येते.

दिवाळी अंकाचेही काम करणारे संपादक पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यातच बुडालेले असतात. आपले पाकीट दिवाळीनंतर जाऊ द्यावे.

उत्तर : वकील, मडगाव

आधीच्या प्रसिद्धीविषयी आणि कराराविषयी लिहितो, कारण लेखकांचे नुकसान होते ते बहुधा याच ठिकाणी.

आपण त्या दिवाळी अंकाच्या किंवा वृत्तपत्राच्या पगारी नोकरीत नव्हता आणि हक्क लेखी स्वरूपात कोणाला दिलेले नाहीत, असे गृहीत धरतो. तसे असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्या कथांचे हक्क आपल्याकडेच आहेत, आणि त्या पुस्तकात घेण्यासाठी परवानगी लागत नाही. अंकाचा आणि वर्षाचा निर्देश श्रेयपानावर करणे हा शिष्टाचार आहे व तो जरूर पाळावा. मात्र मानधनाच्या पावतीवर किंवा कथा पाठवताना मान्य केलेल्या नियमांत हक्कांविषयी काही लिहिलेले होते का, हे जुने कागद काढून एकदा पाहावे. हक्क मिळवण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखन झाले की हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. पुस्तकाला मिळणारा तेरा अंकी आयएसबीएन ही केवळ पुस्तक ओळखण्याची संख्या आहे. भारतात ती राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळते, तेव्हा तिच्यासाठी कोणी शुल्क मागितले तर ते कशाचे, असे विचारावे.

आता करार. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीनेच व्हावे लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात स्पष्ट असावे लागते. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. प्रकाशकाने हस्तांतरणाच्या तारखेपासून एका वर्षात हक्कांचा वापरच केला नाही, तर करारात वेगळे काही म्हटले नसल्यास ते हस्तांतरण रद्द होते. बाड घेऊन ठेवलेल्या आणि पुस्तक न काढलेल्या संस्थांच्या बाबतीत ही तरतूद लेखकाच्या कामी येते. पण करारातल्या ‘वेगळे काही म्हटले नसल्यास’ या दारातूनच ती निसटते, म्हणून ‘सही केल्यापासून अमुक महिन्यांत पुस्तक प्रसिद्ध होईल, अन्यथा हक्क लेखकाकडे परत येतील’ असे वाक्य घालून घ्यावे. लहान संस्थांचे चालक याला सहसा हरकत घेत नाहीत. पुष्कळांकडे छापील करारनामाच नसतो आणि आपण एक पानाचा मसुदा नेला तर त्यांचीही सोय होते.

मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की संस्थेच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे वाचल्याशिवाय सही करू नये. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. पण विक्रेत्याला ४० टक्के सवलत देऊन उरलेल्या १८० रुपयांवर तेच दहा टक्के धरले, तर १८ रुपये. दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींत गैर काही नाही, फक्त कोणती ते ठरलेले असावे. भाषांतर, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि नाट्य-चित्रपट रूपांतर यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत देऊन टाकू नयेत. छापील मराठी आवृत्तीचा हक्क द्यावा आणि बाकीचे नावानिशी राखून ठेवावेत.

उत्तर : कवी, म्हापसा

पैशांचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर सरसकट ‘कधीही देऊ नका’ असे उत्तर देणे मला प्रामाणिक वाटत नाही. गोव्यात मराठी कवितेचा किंवा कथेचा वाचक आहे, पण तो विखुरलेला आहे. लहान संस्था दोन-तीनशे प्रती काढते आणि त्या संपायला वर्षे जातात. अशा वेळी संस्थेने लेखकाला काही प्रती सवलतीत विकत घ्यायला सांगितले, तर प्रतींची संख्या, दर आणि पुस्तक निघण्याची तारीख लेखी असेपर्यंत मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. मात्र बाड पोहोचल्यावर आठवड्याच्या आत स्तुतीचे पत्र येते, त्यात एकाही कथेचा नावाने उल्लेख नसतो आणि खाली खर्चाचा तक्ता असतो, तिथे बाड कोणी वाचलेलेच नसते. ज्यांना स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढायचे आहे त्यांनी ते अवश्य काढावे, पण मग अक्षरजुळणीपासून कागदापर्यंत सगळे आपल्या पसंतीने करून घ्यावे. निवड झाल्याचे समाधान आणि छपाईचे बिल या दोन गोष्टी एकत्र विकत घेऊ नयेत.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवण्याबाबत जुन्या पिढीचे संपादक कठोर आहेत आणि त्यांची बाजू मला पटते, कारण त्यांनी रात्री जागून वाचलेले बाड दुसरीकडे गेल्याचे त्यांना उशिरा कळते. परंतु संस्थेकडून वर्षभर पोचदेखील न येणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. पत्रातच ‘हे लेखन अन्य एका संस्थेकडेही विचारार्थ दिले आहे’ असे लिहावे आणि एकीकडून होकार आला की त्याच दिवशी दुसरीकडे कळवावे.

पुन्हा प्रश्न : डिचोलीची कथालेखिका

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. दोन कथा बाजूला काढल्या आहेत आणि जुन्या पावत्याही शोधते आहे. फोंड्याच्या संपादकांना आणखी एक विचारायचे आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी कोकणी संवादांना तळटिपा द्याव्यात का, आणि उत्तर न आल्यास आठवण कधी करावी?

उत्तर : संपादक, फोंडा

बाड पाठवताना तळटिपा देऊ नयेत. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे बहुतेक ठिकाणी पुढच्या वाक्यातल्या कृतीवरून कळते. जिथे कळत नाही तिथे संपादक स्वतः खूण करील, आणि तेवढ्या जागांविषयी मग समोरासमोर बसून बोलता येईल. कधी टीप न देता निवेदनातले एखादे वाक्य पुढे-मागे केले की काम होते. एखाद्या संस्थेने सगळे संवाद प्रमाण मराठीत करून मागितले, तर मात्र ती संस्था या संग्रहासाठी नव्हे असे समजून बाड परत मागवावे. कथांचा जीव त्या बोलण्यात आहे आणि तो वाचवण्यासाठी एक नकार पत्करणे परवडते.

उत्तरासाठी संस्थेने मुदत सांगितली असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. सांगितली नसेल तर तीन महिन्यांनी दोन ओळींचे ई-पत्र पाठवावे, त्यात बाडाचे नाव आणि पाठवल्याची तारीख द्यावी. त्यानंतर महिनाभर काही आले नाही, तर ‘लेखन मागे घेत आहे’ असे लेखी कळवावे आणि पुढच्या संस्थेकडे वळावे. ‘साभार परत’ बरोबर एखाद्या कथेविषयी दोन वाक्ये आली असतील, तर त्या संपादकाने वेळ दिला आहे असे समजावे आणि पुढचा संग्रह त्याला निःसंकोच दाखवावा. कागदी प्रत पाठवणार असाल तर पाने टाचू नयेत, नुसती क्रमांकानुसार लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावीत आणि परतीचा पत्ता पाकिटावर तसाच आतल्या पहिल्या पानावरही लिहावा.