मदत हवी आहे: १९४३ ची जर्मन माउजर रायफल, "आजोबांनी आणलेली" की मागाहून जुळवलेली?

नमस्कार मंडळी,

शस्त्रांच्या इतिहासात रस असलेले बरेच जण इथे आहेत, जर्मनीत राहणारेही आहेत, म्हणून विचारतोय. मी पेनसिल्व्हेनियात असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफली जमवायचा नाद आहे. संग्रह लहानच आहे, आणि गोळ्या झाडण्यापेक्षा रायफलींवरचे शिक्के वाचण्यातच माझा वेळ जास्त जातो. (शिक्केच वाचायचे तर फोटो पुरले असते, इति सौ.)

अलीकडे एका खाजगी विक्रेत्याकडून कराबिनर ९८के घेतली. जर्मन सैन्याची १९३५ पासूनची ही मुख्य रायफल, ७.९२ मिमीची, पाच काडतुसांची. रिसीव्हरवर, म्हणजे नळीच्या मागच्या धातूच्या मुख्य भागावर, 'बीसीडी' आणि त्याखाली '४३' असा ठसा आहे. युद्धकाळात कारखान्यांची नावं लपवायला अशी अक्षरं वापरत: ओबर्नडॉर्फच्या माउजरचं 'बीवायएफ', श्टायरचं 'बीएनझेड', ब्र्नोचं 'डीओटी'. 'बीसीडी' म्हणजे वायमारचा गुस्टलोफ कारखाना. तपासनिसाच्या छोट्या गरुडाच्या शिक्क्याखाली ७४९ आहे, तोही त्याच कारखान्याचा. इथवर सगळं जुळतं.

विक्रेत्याची गोष्ट अशी, की त्याचे आजोबा अमेरिकन सैन्यात होते आणि १९४५ साली त्यांनी ही स्वतः जर्मनीहून आणली. वरिष्ठांच्या सहीचं परवानगीपत्र मात्र नाही. तसं ते बऱ्याच घरांतून गहाळ झालेलं असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

गोष्टीच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. नळी आणि दस्ता एकत्र धरणारी कडी सरकवली तर तिच्याखाली लाकडात करवतीची बारीक सरळ रेघ दिसते, मागाहून सरसाने चिकटवलेली. रायफल सैनिकाच्या कापडी बॅगेत मावत नसे, म्हणून दस्ता बरोबर कडीखाली कापायचा आणि घरी पोचल्यावर चिकटवायचा. कडी बसवली की काप दिसत नाही. अमेरिकन सैनिकांनी अशा कितीतरी आणल्या.

पण मग बाकीचं काय? बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) पूर्ण काळा आहे. जर्मन बोल्ट बहुतेक उघड्या पोलादाचेच असत. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरशी जुळत नाही. नळीखालची सफाईची सळई नाही, पुढच्या माशीवरची टोपी नाही. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे रिसीव्हरच्या डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक भाग किंचित खोलगट लागतो. डोळ्यांना कळत नाही, पण अंगठा फिरवला की लगेच जाणवतो. टॉर्च तिरका धरला तर तिथला काळा रंगही जरा वेगळा, जांभळट दिसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लाल सैन्याच्या हाती अशा रायफली ढिगांनी लागल्या. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत त्या खोलल्या, नंबर न बघता पुन्हा जोडल्या, बोल्टसकट सगळ्या धातूला काळा मुलामा दिला, लाकडाला लाखेचं लालसर पॉलिश फासलं, बोल्टवर विजेच्या लेखणीने नवा नंबर कोरला आणि रिसीव्हरवर एक 'एक्स' मारला. सोव्हिएत संघ फुटल्यावर त्या इकडे विकायला आल्या. त्यांना भाव कमी. सैनिकाने आणलेल्या, सगळे नंबर जुळणाऱ्या रायफलीला त्याच्या दुप्पट-तिप्पट मिळतो, आणि तिथेच हातचलाखी चालते.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा:

१. तो खोलगट भाग म्हणजे घासून काढलेला 'एक्स' असेल का? की साधी झीज?
२. कापलेला दस्ता खरा आणि धातू रशियन, असं एकाच रायफलीत कसं?
३. वायमारच्या कारखान्याचे कागद कुठे पाहायला मिळतात? यावर शेवटी अजून बोलायचं आहे.

गनमेटल: खोलगट भागात 'एक्स'च असणार. तिथे झीज व्हायला काही कारणच नाही, हात तिथे लागत नाही. पण त्यापेक्षा महत्त्वाचं: नळीचं पुढचं टोक, माशी आणि पुढच्या कडीच्या मधला भाग भिंगाखाली बघा. १९९० नंतर आलेल्या रायफलींवर आयातदाराचं नाव-गाव अगदी बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं, बहुतेक तिथेच. तेही घासलेलं असेल तर विषय संपला.

जुनी_पेठ: युगोस्लाव्ह नसेल ना? क्रागुयेवात्सलाही जर्मन रायफली दुरुस्त होत असत.

धागाकर्ता: नाही हो काका. युगोस्लाव्ह कारखान्यात जर्मन अक्षरं घासून स्वतःचं राजचिन्ह उठवत. इथे 'बीसीडी ४३' शाबूत आहे. रशियनांनी जुने शिक्के बहुतेक तसेच राहू दिले, त्यामुळे संशय तिकडेच जातो. नळीचं टोक उद्या उजेडात बघतो.

ओक_आणि_अक्रोड: तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लाकडाच्या आत आहे. रायफल खोला, दस्त्याच्या आतला नंबर वाचा. दस्त्याला मूळ रायफलीचा नंबर आतून ठोकलेला असतो. तो रिसीव्हरशी जुळला तर माझे शब्द मागे. नाही जुळला तर कुणीतरी खऱ्या सैनिकाच्या मोडक्या रायफलीचा कापलेला दस्ता आणून स्वस्तातल्या रशियन धातूवर चढवलाय. हा प्रकार इथे चांगलाच रुळलेला आहे, कारण काप बघितला की गिऱ्हाईक विरघळतं. लाखेचं पॉलिशही बघा. तुम्ही दस्त्याबद्दल ते कुठेच लिहिलेलं नाही. धातू रशियन आणि लाकूड कोरडं, हेच मुळात विजोड आहे.

आणि हो, पारखून घेतल्याशिवाय झाडू नका. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर काडतुसामागचं अंतर बंदूककाराकडून मोजून घ्या.

सातारकर: थोडं अवांतर. याच रायफलींसमोर आपली मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत लढली. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती सेनिओ नदीची लढाई ९ एप्रिल १९४५ ची. अशी एखादी भारतात आणता येते का हो?

गनमेटल: सातारकर, विसरा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे माणशी दोनच शस्त्रं, आणि आयातीचं झंझट वेगळं.

धागाकर्ता: खोलली. ओकसाहेब, दंडवत. आतला नंबर वेगळाच आहे. शेवटचे दोन अंकही जुळत नाहीत आणि नंबरासोबतचं अक्षरही दुसरं. दस्ता थर चिकटवलेल्या लाकडाचा आहे आणि पॉलिशचा मागमूस नाही, जुन्या तेलाचा वास येतो. नळीच्या टोकाला हाताने घासल्याचे आडवे ओरखडे आहेत, अक्षरं उरलेली नाहीत. म्हणजे आजोबा कुणाचे तरी खरे असतील, पण या रायफलीचे नव्हेत. विक्रेत्याला कळवलंय. त्यालाही कुणी हीच गोष्ट सांगून विकली असेल, म्हणून अजून तोंड सोडलेलं नाही.

पण ठेवून घ्यायचा विचार आहे, आणि कारण तिसऱ्या प्रश्नात आहे. गुस्टलोफ कारखान्यांचं मूळ झुल नावाच्या गावातल्या सिमसन या ज्यू कुटुंबाच्या कारखान्यात आहे. नाझींनी तो बळकावला आणि १९३६ साली दावोसला मारल्या गेलेल्या आपल्या पुढाऱ्याचं नाव दिलं. वायमारच्या कारखान्यात बुखेनवाल्ड छळछावणीचे कैदी राबत होते, आणि १९४३ मध्ये छावणीला लागूनच दुसरा कारखाना उभा राहिला. तिथेही याच रायफलींचं काम चाले. २४ ऑगस्ट १९४४ ला अमेरिकन विमानांनी तो उडवला, त्यात कैदीही मेले. बीसीडी ४३ म्हटल्यावर यातला कुठला ना कुठला भाग कैद्याच्या हातून गेला असण्याची शक्यता मोठी आहे. किमतीच्या यादीत या गोष्टीला शून्य भाव आहे. मला तीच शोधायची आहे: कुठल्या महिन्यात कुठलं काम कुठे चालत होतं.

नेकारकाठी: मी श्टुटगार्टजवळ असते. दोन ठिकाणी लिहा. एक बुखेनवाल्ड स्मारकाचं अभिलेखागार, दुसरं बाड आरोलसेन इथला संग्रह, जिथे नाझींनी छळलेल्या लोकांचे कागद आहेत. फ्रायबुर्गला संघीय अभिलेखागाराचा लष्करी विभाग आहे, पण एकेका रायफलीचा मागोवा तिथे लागेल अशी आशा धरू नका. पत्राचा जर्मन मसुदा मी बघून देते. छावणीतल्या गुप्त गटाने बंदुका आणि सुटे भाग पळवून लपवून ठेवले होते, त्याबद्दलही विचारा.

इथे अशी रायफल बाळगायची तर संग्राहकाला लाल परवाना लागतो. तुमचा संग्रह इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे हे आधी पटवून द्यावं लागतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला इथे लगेच मान मिळाला असता.

धागाकर्ता: ताई, फार उपकार. मसुदा रविवारपर्यंत पाठवतो, शिक्क्यांच्या फोटोंसकट.

नेकारकाठी: पाठवा. फक्त नळीवरच्या चाचणीच्या ठशातलं स्वस्तिक झाकून पाठवा. मला ते फोटो इथल्या एका संग्राहक मंडळींना दाखवायचे आहेत आणि उगाच कायद्याची कटकट नको. गरुडाखालचे आकडे मात्र स्पष्ट येऊ देत, आणि त्या घासलेल्या जागेचा एक फोटो तिरक्या उजेडात.