फवारणीचा ड्रोन घ्यावा की केळीसाठी शीतखोली बांधावी?

सातपुडापायथा (यावल तालुका)

नमस्कार. आमची सहा एकर शेती आहे आणि त्यातील चार एकरांत केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली बाग) आहे. मी कृषी पदवीधर असून, गावातच भाड्याने फवारणी करून देण्यासाठी ड्रोन घ्यावा असा माझा विचार आहे. कृषी पदवीधराने अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र काढल्यास ड्रोनच्या किमतीच्या 50 टक्के, कमाल 5 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. विक्रेत्याने रोज 30 एकर, एकरी 500 रुपये आणि वर्षाचे 200 दिवस असा हिशेब मांडून 30 लाखांचा आकडा लिहून दिला. आप्पांनी तो कागद वाचला आणि दोनशे दिवस फवारायला या शिवारात पीक कोणते आहे, एवढेच विचारले. त्यांच्या मते त्याच पैशांत केळीसाठी थंड खोली बांधावी. कर्ज एकाच कामासाठी मिळणार आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

तापीकाठ (चोपडा)

भाऊ, आप्पांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी दोन हंगाम ड्रोन चालवला आणि पहिल्या वर्षी मला 71 दिवस काम मिळाले. त्यातील बहुतेक दिवस जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत कापसाचे होते आणि उरलेले मका व हरभऱ्याचे. दहा लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होतो आणि पाठीवरच्या पंपाच्या मानाने पाणी फारच कमी लागते, हे खरे आहे. पण त्यामुळेच द्रावण दाट असते, मिसळताना चूक परवडत नाही आणि विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळले नाही तर नोझल तुंबते. बॅटरी उतरते तेव्हा इतकी तापलेली असते की लगेच चार्जिंगला लावता येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मी त्या बाभळीखालच्या खाटेवर ओळीने मांडून ठेवत असे आणि शेजारी जनरेटर धडधडत असे. ऐन कापसात एक पाते मोडले, तेव्हा विक्रेत्याकडून नवे यायला 11 दिवस लागले. (ज्या कागदावर दोनशे दिवस लिहिलेले असतात, त्यावर हे अकरा दिवस नसतात.)

शेते विखुरलेली असली की दिवसाला नऊ-दहा एकरच होतात. एकाच पट्ट्यातील बारा शेतकऱ्यांनी मिळून बोलावले तेव्हा मात्र 24 एकर झाले. करपा या पानांवरच्या रोगासाठी केळीत फवारायचे म्हणाल, तर बाग दाटली की वरच्या पानांखाली औषध पुरेसे उतरत नाही. पायलटचे प्रमाणपत्र तर लागतेच, शिवाय भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी असल्यामुळे त्या बाजूचे काम घेण्यापूर्वी ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा.

दूरदेशी खानदेशी

मी काही वर्षे नायजेरियात होतो. तिथे कोल्डहब्स या कंपनीने बाजारात सौरऊर्जेवरच्या थंड खोल्या उभारल्या आहेत आणि शेतकरी किंवा विक्रेता तिथे क्रेटमागे दिवसाचे भाडे देऊन माल ठेवतो. खोली विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही ती वापरता येते, यातच त्या धंद्याची खुबी आहे. तरीही तो जसाच्या तसा यावलला आणू नये. तिथला टोमॅटो दोन-तीन दिवस बाजारात बसून विकला जातो, तर आपली केळी व्यापारी आला की कापली जाते आणि कच्चीच ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे जाते. मग शेतकरी क्रेटचे भाडे कशासाठी देईल? तुमच्या खोलीचे खरे गिऱ्हाईक जळगाव-भुसावळचे किरकोळ विक्रेते आहेत. त्यांना इथिलीन वायूवर नीट पिकवलेली केळी रोज हवी असते, म्हणून नुसत्या शीतखोलीपेक्षा पिकवण कक्षाचा विचार करावा. कच्ची केळी 13 ते 14 अंशांवर टिकते आणि त्याखाली साल काळवंडते, त्यामुळे वीज गेल्यावर काय करायचे हे आधी ठरवावे लागेल. कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे 3 टक्के व्याजसवलत आहे, तीही पाहावी.

बचतगटवाली ताई (नंदुरबार)

आमच्या जिल्ह्यातील टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिली आधार कार्डे दिली गेली. त्या आधारवर अंगठा घेऊन पैसे काढून देण्याचे यंत्र आज मी गावात चालवते. एका व्यवहारामागे मिळणारी रक्कम अगदी किरकोळ असते, आणि राबून रेषा झिजलेल्या आजीबाईंचा अंगठा चार-चार वेळा पुसून लावावा लागतो. पण गिऱ्हाईक बाराही महिने येते. दादा, तुम्हाला एकच सुचवते: नमो ड्रोन दीदी योजनेत महिला गटाला 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये साहाय्य आहे. तुमच्या परिसरातील एखाद्या गटाला असा ड्रोन मिळाला आहे का, याची चौकशी आधी करा, कारण मिळाला असेल तर त्यांचा दर तुम्हाला झेपणार नाही.

सातपुडापायथा

सर्वांचे आभार. 70 दिवस, रोज 15 एकर आणि एकरी 400 रुपये असा हिशेब नव्याने मांडला, तर खर्च वजा न करताच 4 लाख 20 हजार होतात. ताई, गटाची चौकशी उद्याच पंचायत समितीत करतो. पिकवण कक्षासाठी आप्पा आणि मी भुसावळच्या विक्रेत्यांना भेटणार आहोत. तापीकाठ भाऊ, यंदा आधी गिऱ्हाईक जोखून पाहावे म्हणतो. जुलैअखेर तुमचा ड्रोन आमच्या शिवारात भाड्याने मिळेल का?

तापीकाठ (चोपडा)

मिळेल. वीस एकर सलग असतील तर एकरी 450 घेईन. पाणी मात्र तुम्ही गाळून ठेवायचे.