डिजिटल रेडिओची सुरुवात हॉटस्पॉटने करावी की एफटी८ने?

धागाकर्ता:
नुकताच हौशी रेडिओचा परवाना मिळालेल्यांना सर्रास सांगितले जाते की डीएमआर (आवाज डिजिटल रूपात पाठवणारी पद्धत) हँडसेट आणि हॉटस्पॉट (हँडसेटला इंटरनेटशी जोडणारा छोटा रेडिओ) घ्या, म्हणजे पहिल्याच दिवशी जगभर बोलता येईल. मला हा सल्ला पटत नाही. जेमतेम १० मिलिवॉटचा हॉटस्पॉट टेबलावर असतो, आपला आवाज हवेतून दोन हात अंतर कापतो आणि उरलेली सगळी वाट इंटरनेटवरून जाते. त्यात अँटेनाची उंची किंवा आयनांबराची (रेडिओलहरी दूरवर परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची) मर्जी यांचा अनुभव कुठून येणार? त्याऐवजी एचएफ (लघुलहरींचा) संच संगणकाला जोडून २०१७ साली आलेल्या एफटी८ या क्षीण सिग्नलसाठीच्या डिजिटल संदेशपद्धतीपासून सुरुवात करावी. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रेघांच्या रूपात दाखवणाऱ्या संगणकावरील पट्टीवर, डोळ्यांना धड न दिसणारी रेघ असते आणि १५ सेकंदांची पाळी संपताच तिच्यातून दूरच्या केंद्राचे कॉलसाइन (परवान्याचे ओळखनाव) व गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद सांगणारा उणे १९ डेसिबेलचा आकडा उलगडतो, तेव्हा आपल्या साध्या तारेने काय साधले ते कळते.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. एफटी८चा संदेश ७७ बिटांचा असतो; त्यात कॉलसाइन आणि ग्रिड (ठिकाणाचा संकेत) किंवा सिग्नलचा अहवाल मावतो, पण विचारपूस मावत नाही. नवख्याला माणसांचा आवाज ऐकू आला नाही, तर त्याचा संच महिन्याभरात कपाटात जातो, हे मी जवळून पाहिले आहे. शिवाय ज्याच्या इमारतीत तार ताणायला जागाच नाही, त्याने काय करावे? हॉटस्पॉटवर काही शिकायला मिळत नाही, हेही खरे नाही. कोडप्लगमध्ये (हँडसेटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कलर कोडचा (दोन्ही बाजूंना जुळावा लागणाऱ्या क्रमांकाचा) एक आकडा चुकल्यामुळे माझा हँडसेट दोन संध्याकाळी मुका राहिला होता, आणि १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन टाइम स्लॉट (आळीपाळीने येणारे वेळेचे कप्पे) कसे नांदतात, हे मला ती चूक शोधतानाच समजले.

धागाकर्ता:
आवाजाची ओढ मला मान्य आहे. मग दोन हँडसेट घेऊन, हॉटस्पॉट बंद ठेवून, डीएमआर सिंप्लेक्सवर (हँडसेटवरून थेट हँडसेटवर) बोलत एकमेकांपासून दूर चालत जावे. एफएमवर खरखर हळूहळू वाढत जाते. डीएमआरवर आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग काही पावलांतच तुटून नाहीसा होतो. इंटरनेटच्या वाटेवर हे कधीच उमगत नाही.

प्रतिसाद २:
मी धागाकर्त्याच्या बाजूचा आहे, परंतु एफटी८ सुचवताना पुढची काळजीही सांगायला हवी. संगणकाचे घड्याळ काही सेकंदांनी जरी चुकले, तरी संदेश उकलत नाहीत. साउंडकार्डची पातळी वाढवून एएलसीची (संचाची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेची) सुई हलू लागली, तर आपला ५० हर्ट्झचा सिग्नल फाटून शेजाऱ्यांवर पसरतो. म्हणून पातळी सुई स्थिर होईपर्यंत खाली आणावी आणि मगच पहिला सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) द्यावा.