लेकरांची आई दवाखान्यात आहे, टोटोरो दाखवावा का?

आखाड्यावरचा मामा
नमस्कार मंडळी. ताईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, वीस-बावीस दिवस झाले संभाजीनगरला ॲडमिट आहे, दाजी तिकडंच, म्हणून दोघी भाच्या परभणीला आमच्याकडं आणल्यात. थोरली नऊ वर्षांची, धाकटी साडेचार. धाकटी दिवस मावळला की मम्मी कधी येणार म्हणून रडायली, अन् थोरली काहीच बोलत नाही, गपचूप धाकटीची वेणी घालून देती. मित्र म्हणला माय नेबर टोटोरो लाव, लेकरांसाठी लई भारी जपानी पिच्चर आहे. पण त्यात पण आई दवाखान्यातच असती म्हणे. आईचं काही वाईट होतं का शेवटी? आणि भुताबिताचं आहे का? आमच्या आईनं पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगून आधीच धाकटीला भीती घातलीय. इंग्रजी दोघींनाही येत नाही.

लातूरची मावशी
बिनधास्त दाखवा दादा. आईला काही होत नाही, शेवटी नावं येतात ना त्या चित्रांत ती घरी आलेली दिसती, तेवढं लेकरांना आधीच सांगून टाका. टोटोरो मुंजासारखा नाहीच हो, कापराच्या मोठ्या झाडात राहणारा लोभस केसाळ प्राणी आहे, धाकटी मेई चार वर्षांची, ती सरळ त्याच्या पोटावर जाऊन झोपती. त्या झाडाला दोर बांधलेला आहे, आपण वडाला सूत गुंडाळतो तसा, आणि बाप दोन्ही पोरींना घेऊन झाडापुढं वाकतो, माझ्या लेकीला सांभाळलंस म्हणून आभार मानतो. मला तर तिथं आमच्या गावचा म्हसोबाच आठवला. भाषेचं टेन्शन घेऊ नका, तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगत राहा. बसस्टॉपवर पाऊस पडायलाय, टोटोरो डोक्यावर पान ठेवून उभा, थोरली त्याला बापाची छत्री देती अन् छत्रीवर थेंब टपटप पडले की ते एवढं मोठं धूड खूश होऊन उडी मारतं, तिथं काही सांगायची गरजच पडत नाही. 86 मिनिटांचाच आहे, नेटफ्लिक्सवर बघा.

जुना कालवा
मावशींशी सहमत, पण एक सांगतो. शेवटच्या अर्ध्या तासात मेई हरवती, तळ्यात लहान पोरीची चप्पल सापडती, गावातली माणसं पाण्यात शोधायलेत आणि शेजारची म्हातारी ती चप्पल हातात धरून बसलीय. चप्पल मेईची नसती, पण ते कळेपर्यंत माझ्या पोरानं माझा दंड आवळून धरला होता. त्या वेळी उठून चहाला जाऊ नका. आणि दुसरं, 1988 ला हा पिच्चर जपानमध्ये ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज सोबत एकाच खेळात लागला होता, ते पण ॲनिमेशन, त्यात पण दोन भावंडं, म्हणून काहीजण पुढचा तोच लावतात. तो युद्धाचा आहे, फार दुःखाचा, आत्ता या लेकरांना चुकूनही दाखवू नका.

गोदाकाठची
भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये मला थोरलीचीच काळजी वाटली. सगळे मेईसाठी हा पिच्चर बघतात पण तो खरा थोरलीचा, सात्सुकीचा आहे. सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरणारी ती, धाकटीला शाळेत शेजारी बसवून घेणारी पण तीच. दवाखान्यात आई तिचे केस विंचरती, तुझे केस माझ्या लहानपणीसारखेच आहेत म्हणती, आणि त्या एका मिनिटापुरतं ते पोरगं नुसतं लेकरू होतं. पुढं दवाखान्याची तार येती, आईला सर्दी झाल्यामुळं घरी येणं लांबतं, तेव्हा ती शेजारच्या म्हातारीपुढं भोकाड पसरून रडती, आई मेली तर काय म्हणून. पिच्चर बनवणारे मियाझाकी, त्यांची स्वतःची आई मणक्याच्या टीबीनं कित्येक वर्षं आजारी होती, म्हणून ते एवढं खरं उतरलंय. आधी त्यांच्या डोक्यात एकच मुलगी होती, मग तिच्या दोन केल्या, सात्सुकी आणि मेई दोन्ही नावांचा अर्थ मे महिनाच. मला तर त्या एकाच लेकराच्या दोन बाजू वाटतात, एक रडणारी अन् एक रडू गिळणारी. बघताना धाकटीला मांडीवर घ्याल ते ठीक, पण थोरलीला पण जवळ घेऊन बसा.

आखाड्यावरचा मामा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बघितला. आधीच सांगितलं की आई बरी होती, म्हणून चपलीच्या वेळी धाकटी मलाच धीर द्यायली होती. मांजराची बस आली तेव्हा दोघी गादीवर उभ्या राहून नाचल्या. केस विंचरायच्या सीनला थोरली एकदम गप झाली, मी काही विचारलं नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवला. झोपायच्या आधी म्हणली, मामा, उद्या मम्मीला व्हिडिओ कॉल मी एकटी करू का. इतके दिवस फोन कायम धाकटीच्याच हातात असायचा, आम्हा मोठ्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. आज माडीवर जाऊन अर्धा तास बोलली.
मेई आईसाठी मक्याचं कणीस उराशी धरून निघती ना, तसं धाकटीला पण न्यायचंय, सकाळी शेतातल्या आखाड्यावरून तिनंच तोडून आणलंय. रविवारी दोघींना घेऊन निघतोय. एवढ्या लहान लेकरांना वॉर्डात सोडतेत का, का खालीच थांबवतेत, कुणाला अनुभव असेल तर सांगा.