'द ग्रीन नाइट' : तुम्हाला गवेन कुठे भेटला?

मंडळी,

डेव्हिड लोअरीचा 'द ग्रीन नाइट' 2021 च्या जुलैअखेर आला. तेव्हापासून मी तो तीनदा पाहिलाय आणि दरवेळी रात्री उशिरापर्यंत झोप आलेली नाही. ओळखीतल्या पाच-सहा जणांना पाहायला लावला, तर निम्म्यांनी मला धन्यवाद दिले आणि निम्मे अजून रागावलेत. म्हणून सगळ्यांनाच विचारते. चित्रपट चांगला की वाईट, किती तारे, हे नको. गवेन नावाचा तो तरुण तुम्हाला नेमका कुठल्या क्षणी आपला वाटला, किंवा का वाटला नाही, ते लिहा. शेवटाबद्दल मोकळेपणाने बोलणार आहोत, तेव्हा ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून या.

ज्यांना पाहून बरेच दिवस झालेत त्यांच्यासाठी थोडक्यात. नाताळचा दिवस, आर्थर राजाचा दरबार. झाडाच्या सालीसारख्या कातडीचा एक हिरवा सरदार घोड्यावरून आत येतो. अट अशी, की कुणीही माझ्यावर एक वार करावा आणि वर्षभराने हिरव्या देवळात येऊन तसाच वार माझ्याकडून घ्यावा. गालावर ओरखडा काढलात तर ओरखडा, गळा कापलात तर गळा. गवेन उठतो. हिरवा सरदार मान पुढे करून गुडघ्यावर बसतो. ओरखड्यावर भागलं असतं! पण सगळा दरबार बघतोय, आणि गवेन मुंडकं उडवतो. धड उठतं, मुंडकं हातात घेतं, हसतं आणि निघून जातं.

माझा क्षण त्याच्याही आधीचा आहे. राजा भाच्याला शेजारी बसवून घेतो आणि म्हणतो, तुझी एखादी गोष्ट सांग, म्हणजे मला तू कळशील. गवेन म्हणतो, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तेव्हाचा, गवेन झालेल्या देव पटेलचा चेहरा बघा. काही वर्षांपूर्वी शाळेतल्या मैत्रिणी जमलो होतो, एकेक जण आपलं काय काय झालं ते सांगत होती आणि माझी पाळी जवळ येत होती. पोटात जो गोळा आला होता, तो मी त्या चेहऱ्यावर पाहिला. पुढचा कुऱ्हाडीचा वार त्या गोळ्यातूनच आलाय, असं मला वाटतं.

आता तुम्ही लिहा.

*

मला नाही आवडला आणि का ते सांगतो. दोन तास दहा मिनिटांच्या चित्रपटात निम्मा वेळ धुकं आणि अंधार. मी घोडे, तलवारी, गोलमेजावरचे सरदार असं काहीतरी डोक्यात ठेवून बसलो होतो. ते मिळालं नाही म्हणून तक्रार नाही, पण उघड्या-बोडक्या बायकांसारख्या त्या महाकाय आकृती डोंगरातून चालत जातात, त्या कशासाठी? आल्या आणि गेल्या. अमेरिकेत पहिल्या दिवसांत प्रेक्षकांचा जो कौल घेतला गेला त्यात याला 'सी प्लस' मिळाला होता. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, प्रेक्षकांनी नाही. मी त्या प्रेक्षकांच्या बाजूचा.

आणि गवेन मला आपला वाटला नाही, कारण तो प्रत्येक ठिकाणी कमी पडतो. रणांगणावर मढी उचकणाऱ्या पोराला वाट विचारतो आणि बदल्यात एक नाणं द्यायला खळखळ करतो. विनिफ्रेड नावाची मुलगी म्हणते, माझं मुंडकं झऱ्यात पडलंय, तेवढं काढून दे. हा विचारतो, मला काय मिळेल? अशा माणसाबरोबर मी हिरव्या देवळापर्यंत का जावं?

*

वरच्या दादांना एकच सांगते. विनिफ्रेड त्याला उलट विचारते, असं कसं विचारू शकतोस तू? आणि तो गप्प होऊन पाण्यात उडी घेतो. मला तो तिथेच भेटला. चुकल्यावर दुसऱ्या क्षणी ओशाळणारा माणूस मला चालतो.

विनिफ्रेड ही वेल्समधल्या लोककथेतली संत आहे. कॅराडॉग नावाच्या सरदाराने तिचं डोकं उडवलं आणि संत ब्यूनोने ते परत जोडलं, अशी कथा. ती पडली तिथे झरा फुटला, ते गाव म्हणजे होलीवेल. चित्रपट ज्यावर बेतलाय त्या मूळ काव्यात ती नाही. पण ज्याची मान जायची आहे त्याला मान गेलेली मुलगी वाटेत भेटवणं, हे मला फार आवडलं.

*

मूळ काव्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' माझ्या फार जवळचं आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरचं, 2530 ओळींचं काव्य. कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. जगात त्याची एकच हस्तलिखित प्रत आहे, ब्रिटिश लायब्ररीत. ज्या संग्रहात ती होती त्याला 1731 मध्ये आग लागली, 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याची एकमेव प्रत तिच्यात होरपळली, ही वाचली. छापून आली ती थेट 1839 मध्ये. म्हणजे साडेचारशे वर्षं हा गवेन एका वहीत बंद होता. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबायची.

या कवितेत यमक मुख्य नाही, अनुप्रास मुख्य आहे. एका ओळीत तोच आवाज तीन-तीनदा घणासारखा पडतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मात्र दोन अक्षरांची एक आखूड ओळ आणि यमकं जुळवणाऱ्या चार ओळी येतात, धावून आलेला घोडा लगाम खेचल्यावर पावलं मोजतो तशा. मोठ्याने वाचायची चीज आहे ती.

आता फरक. कवितेतला गवेन नावाजलेला सरदार आहे. राजावर संकट येऊ नये म्हणून तो पुढे होतो आणि म्हणतो, मी इथला सगळ्यात दुबळा, मी गेलो तर कमी नुकसान. चित्रपटातला गवेन अजून सरदारही झालेला नाही, नाताळची सकाळ त्याला कुंटणखान्यात उजाडते. पहिल्यांदा पाहताना मी या बदलावर चिडलो होतो. कवितेत शेवटी फक्त मानेवर एक ओरखडा उठतो. वाटेत ज्याच्या वाड्यात तो उतरतो, त्या यजमानाच्या बायकोने जीव राखेल म्हणून दिलेला हिरवा पट्टा त्याने यजमानापासून लपवला, त्याची ती शिक्षा. आणि हिरवा सरदार म्हणतो, तुला तुझा जीव प्यारा होता, म्हणून मी तुला फार दोष देत नाही. तो हसतो. गवेन मात्र शरमेने लाल होतो. परत आल्यावर दरबारीही हसतात आणि सगळेच तसा हिरवा पट्टा बांधू लागतात. मला आयुष्यभर त्या हसण्याने छळलंय. ज्या गोष्टीची एकाला मरेस्तोवर लाज वाटणार, ती बाकीच्यांनी अलंकार म्हणून मिरवली.

चित्रपटात ते हसणं नाही. लोअरीने लाज आधी आणली आणि हसणं काढून टाकलं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला हे पटलं. दारात आलेला अतिथी अघटित मागणी करतो आणि ती परीक्षा असते, हे आपल्याला श्रियाळ-चांगुणेपासून ठाऊक आहे. पण श्रियाळाला चिलया परत मिळतो, कवितेतल्या गवेनला जीव परत मिळतो. चित्रपट ती हमी देत नाही आणि मग शब्द पाळणं खरोखरच महाग होऊन बसतं.

*

मी आईच्या बाजूने पाहिला. सरिता चौधरीने केलेली ती आई. तिच्या नावाचा उल्लेखसुद्धा नाही, श्रेयनामावलीत फक्त 'आई'. दरबारात हिरवा सरदार येतो त्याच वेळी इकडे ती डोळ्यांवर पट्टी बांधून मंत्र घालत असते. म्हणजे संकट तिनेच बोलावलंय. आणि निघायच्या वेळी तोच हात मुलाच्या कमरेला हिरवा पट्टा बांधतो : हा असेपर्यंत तुला काही होणार नाही.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. घरात अंग चोरून पडून राहायचा, म्हणून मीच भांडून त्याला दूर शिकायला पाठवलं. पाठवताना बॅगेच्या आतल्या कप्प्यात अंगारा ठेवला, सासूबाईंनी दिलेला काळा करगोटा ठेवला, त्याला न सांगता. पहिल्या सहा महिन्यांत रोज रात्री फोन. जेवलास का, झोपलास का. एकदा तो म्हणाला, आई, पाठवलंयस ना, मग आता जाऊ दे ना मला. तो पट्टा बांधण्याचा प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. ती गाठ मारते आणि हात लगेच काढून घेत नाही.

कवितेत हा सगळा खेळ मॉर्गन ल फे रचते, ती गवेनची मावशी. वरच्या सरांचा राग मला कळतो, पण मावशीच्या जागी आई आणली हे मला या चित्रपटातलं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं.

*

मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडेच असतं. चोर गवेनला बांधून जंगलात टाकून जातात. कॅमेरा त्याच्यावरून निघतो, सावकाश गोल फिरत झाडं, झाडं, झाडं दाखवत परत जागेवर येतो, तर तिथे बांधलेला सांगाडा. मग कॅमेरा उलटा फिरतो, तितक्याच सावकाश, आणि गवेन पुन्हा जिवंत. एकही कट दिसत नाही. प्रयत्न न करता पडून राहिलास तर हे होईल, एवढंच सांगायचंय, पण ते सांगायला तोंड उघडावं लागलेलं नाही.

शेवटची मोठी जोडणीसुद्धा तशीच. कुऱ्हाड उगारली जाते, गवेन पळतो. घरी येतो, राजा होतो. प्रेयसी एसलला झालेलं मूल तिच्या कुशीतून काढून नेतो, नाणी मागे ठेवतो. मोठ्या घरातली मुलगी राणी म्हणून आणतो. मुलगा लढाईत मरतो. लोक दगड मारतात. शत्रू दाराशी येतो, सगळे एकेक करून उठून जातात. संवाद जवळजवळ नाहीतच. पडद्यावर आख्खं आयुष्य जातं आणि इतक्या वर्षांत कमरेचा पट्टा सुटलेला नाही. शेवटी तो स्वतःच ओढून काढतो आणि मुंडकं घरंगळतं. मग आपण पुन्हा हिरव्या देवळात.

हा चित्रपट 2020 च्या वसंतात यायचा होता, करोनामुळे थांबला. त्या थांबलेल्या काळात लोअरीने तो पुन्हा कापला, जोडला. मला हे वाचून हेवा वाटला. तयार झालेल्या कामाकडे शांतपणे परत जायला मिळणं आमच्या धंद्यात फार दुर्मीळ.

*

कोल्ह्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! कवितेत यजमान तीन दिवस शिकारीला जातो : हरीण, रानडुक्कर, कोल्हा. गवेन पट्टा लपवतो तो दिवस कोल्ह्याचा. चित्रपटात तोच कोल्हा सोबती होऊन वाटभर चालतो आणि शेवटी माणसासारखा बोलून म्हणतो, परत फिर. माझ्या अंगावर काटा आला.

*

मी असं कधी लिहीत नाही, पण तारीख ठरलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर मला बोलायला हवं.

बाबांच्या बायपासची तारीख दीड महिना आधी मिळाली होती. गवेनचं वर्ष कसं जातं बघा. मुलं बाहुल्यांचा खेळ बघतायत, त्यात त्याच्याच वाराची नक्कल, मागे ऋतूंचं चाक फिरतंय, आणि तो पितोय, मारामारी करतोय, चिखलात पडतोय. आमच्याकडे दीड महिना तसाच गेला. बाबांनी गच्चीची डागडुजी काढली, जुने कपाट रंगवले, एका लग्नाला जाऊन आले. ऑपरेशनचा शब्द कुणी काढला की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आदल्या रात्री नर्सने सांगितलं, अंगावर धातू नको. बाबांच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, कोणीतरी पत्रिका बघून सांगितलेली, तीस-एक वर्षांची. ते तिला म्हणाले, ही तेवढी राहू द्या. ती हो-नाही न म्हणता निघून गेली. मीही काही बोललो नाही. गवेन रात्रभर त्या झोपलेल्या हिरव्या सरदारासमोर बसून राहतो ना, तसे आम्ही दोघं बसलो होतो. पहाटे मोरीतून पाण्याचा आवाज आला. बाबा साबण लावून अंगठी फिरवत होते. बोट सुजलेलं, अंगठी सांध्यावर अडकलेली. मला मदत करू दिली नाही. निघाली तेव्हा खाली पांढराफटक, खोल गेलेला वळ होता. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, चल, आता बोलाव त्यांना.

गवेन पट्टा काढून बाजूला टाकतो आणि म्हणतो, आता मी तयार आहे. त्यावेळी मी पडदा थांबवला आणि जरा बाहेर जाऊन आलो.

बाबा बरे आहेत. अंगठी अजून माझ्या कपाटात आहे, त्यांनी परत मागितलेली नाही.

*

धागा मीच काढला होता, पण वरचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

ज्या दादांना गवेन कमी पडणारा वाटला, त्यांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. तो शेवटपर्यंत कमीच पडतो. मला एवढंच म्हणायचंय की कर्णाला कवचकुंडलं काढून देताना कचरावं लागलं नाही, तो मुळातच कर्ण होता. गवेन मान आखडून घेतो, आधी एकदा, मग पुन्हा. घाबरून विचारतो, एवढंच असतं का हे सगळं? हिरवा सरदार म्हणतो, आणखी काय असायला हवं? आणि अशा माणसाच्या हाताने तो पट्टा सुटतो.

मग तो सरदार खाली वाकून, मायेने म्हणावं तसं म्हणतो, शाब्बास. आणि लगेच, आता मुंडकं उडवू या. पडदा काळा. मारलं की सोडलं, दाखवत नाहीत. हिरवा सरदार झालेल्या राल्फ आयनसनच्या आवाजात तिथे जी ऊब आहे तिच्यावरून मी दोनदा 'सोडलं' म्हटलं, तिसऱ्यांदा मला खात्री राहिली नाही.

पण नामावली संपेपर्यंत किती जण बसलात? अगदी शेवटी एक लहान मुलगी येते, जमिनीवर पडलेला मुकुट उचलते आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवते. दिवास्वप्नात गवेनला मुलगा दाखवलाय आणि तो मेलाय. मग ही मुलगी कुणाची? त्याची असेल, तर तो घरी परतला होता. ज्यांनी पाहिलंय त्यांनी हे जरूर लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.