फायटर माशाच्या टाकीत शेवाळ खायला कोण सोडू? सल्ला द्या

अकरावी_गल्ली
मंडळी नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतोय. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी हाय, म्हणजे ४० लिटर धरा, त्यात एकच फायटर, निळा हाफमून (अर्ध्या चंद्रासारखी पसरट शेपटी असतीय तो), नाव पैलवान. टाकी मांडून अडीच महिने झाले, स्पंज फिल्टर हाय, जावा फर्न आणि अनुबियास ही पाण्यातली झाडं लाकडाला बांधलेत. गेले तीन आठवडे काचेवर हिरवा थर यायलाय आणि अनुबियासच्या पानांवर बारके हिरवे ठिपके बसलेत, ते नखानं पण निघंनात. दुकानदार म्हणतोय एक सकर मासा टाक, सगळं साफ करतोय. आई म्हणती आधी एक मासा धड सांभाळ. टाकू का सकर? पैलवान तापट हाय, काचेत स्वतःची सावली दिसली तरी कल्ले फुगवतोय.

रंकाळ्याचा_कट्टा
सकर अजिबात नको भावा. आज दोन बोटांएवढा दिसतोय, पण त्यो एक-दीड फुटापर्यंत जातोय आणि तुझी टाकीच दीड फुटाची. माझ्याकडं चार फुटी टाकीत होता, शेवाळ खाल्लं पहिले दोन-चार महिने, मग साहेब दाण्यावर आले आणि शेवाळाकडं ढुंकून बघंनात, वर काळ्या दोऱ्यासारखी घाण टाकीभर. मोठा झाला की लोकं काय करत्यात, पिशवीत घालून रंकाळ्यात नायतर पंचगंगेत सोडत्यात, पुण्य केल्यागत! दक्षिण अमेरिकेतला मासा त्यो, आपल्या पाण्यात त्याला खाणारं कोण नाही. उजनीच्या मच्छीमारांना विचार जाळ्यात सकर आला की काय म्हणत्यात ते.

नवीन_टाकी
माझ्याकडे गोल्डन अल्गी ईटर आहे, मस्त काच चाटत बसतो. तो घे की.

कळंब्याची_काकू
तो अजून लहान आहे म्हणून चाटतोय. मोठा झाला की टाकीवर मालकी सांगतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर ओरबाडतो. हाफमूनसारखा संथ, झगा सांभाळत फिरणारा मासा त्याला आयताच मिळेल. दुकानात नुसतं "अल्गी ईटर" सांगून देतात तो बहुतेक हाच, त्यामुळे नाव नीट विचारून घ्यायचं.

अकरावी गल्ली, तुला मी नेराइट गोगलगाय सुचवेन. झेब्रा पट्ट्याची घे नाहीतर काटेरी शिंगांची. ४० लिटरला दोन पुरे, हौसेनं पाच आणशील तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतील. पानांवरचे ते घट्ट हिरवे ठिपके खाणारं फारसं कोणी नसतं, ही मात्र किसणीसारखी किसून काढते. आणि साध्या गोगलगायींसारखी टाकीभर पिल्लावळ होत नाही, कारण पिल्लांना मचूळ खारं पाणी लागतं. अंडी मात्र घालते, लाकडावर, काचेवर, पांढरी तिळासारखी, आणि ती महिनोन् महिने निघत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, आमच्या ह्यांना बघवत नाही.

आणताना बघून घे, दुकानात काचेला चिकटलेली असेल तीच घ्यायची, तळाशी उताणी पडलेली नको. घरी आणल्यावर पिशवीतनं थेट ओतू नकोस, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोड, तासभर तरी. पैलवान आजारी पडला तर औषधाच्या बाटलीवर तांबं आहे का वाच, तांब्यानं गोगलगायी आणि झिंगे दोन्ही जातात. झाकण हवंच, रात्री वर चढून बाहेर पडते (फायटर पण उडी मारतोच म्हणा). आणि उताणी पडलेली दिसली तर हातानं सरळ कर, तिला स्वतःला जमेलच असं नाही.

झिंगावाला
काकू बरोबर. माझी भर एवढीच की झिंग्यांचा विचार असंल तर रेड चेरी टाकू नको. मी दहा टाकले, आठवड्यानं दोन राहिले, त्ये पण लाकडाच्या खाली दडी मारून. फायटरला भजी दिल्यागत झालं ते. अमानो झिंगा पाच सेंटीमीटरपर्यंत वाढतोय, त्यो टिकतोय बऱ्यापैकी आणि केसासारखं लांब शेवाळ त्याच्याएवढं कोण खात नाही. पण तुझं शेवाळ ठिपक्याचं हाय, तिथं त्याचा उपयोग नाही.

नवीन_टाकी
आणि ओटो? यूट्यूबवर सगळे फायटरसोबत ओटोच दाखवतात.

झिंगावाला
ओटो गुणाचा मासा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकटा-दुकटा ठेवला की भेदरतोय, पाच-सहा तरी पायजेत, आणि ४० लिटरात पैलवानासोबत सहा म्हणजे एसटीत पाडव्याची गर्दी. वर बहुतेक नदीतनं धरून आणलेले असत्यात, प्रवासात उपाशी, नव्या टाकीत चाटायला काय नसलं की पोट आत जातंय आणि मरतोय. टाकी सहा महिने जुनी होईस्तोवर नाव काढू नको.

रंकाळ्याचा_कट्टा
सगळं खरं, पण एक कुणी विचारलंच नाही. भावा लाइट किती तास चालू असतोय?

अकरावी_गल्ली
सकाळी ७ ला उठलो की लावतोय, रात्री ११ ला बंद. टाकी पूर्वेच्या खिडकीजवळ हाय, सकाळचं ऊन पण येतंय. चुकलं काय?

रंकाळ्याचा_कट्टा
१६ तास!! वर ऊन! अरे तू मासा पाळलाय का शेवाळाची शेती केलीयास? सहा-सात तासावर आण, साधा टायमर मिळतोय इलेक्ट्रिकच्या दुकानात, आणि खिडकीला जाड पडदा लाव. अनुबियासचं पान हळू वाढतंय, त्याला भगभगीत लाइट सोसत नाही, म्हणून ठिपके तिथंच पहिले बसत्यात. लाकडाच्या सावलीत सरकव. खाद्य किती टाकतोस?

अकरावी_गल्ली
मी सकाळ-संध्याकाळ पाच-पाच दाणे. आणि आत्ता कळलं आई पण दुपारी टाकती, "बघतोय रे माझ्याकडं" म्हणून.

रंकाळ्याचा_कट्टा
😂 फायटर सगळ्यांकडंच बघतोय. एका वेळी दोन-तीन दाणे बास, जेवढं खाली पडून कुजतंय तेवढं शेवाळाला खत. रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं की पाणी हिरवं पडतंय ते आपण बघितलंयच की, तुझ्या टाकीत तेच चाललंय, फक्त नाला तुमच्या घरातला हाय. आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, नळाचं असंल तर क्लोरीन मारायचं औषध घालून. काच जुन्या एटीएम कार्डानं खरवड, फुकटात काम. एवढं करून मग गोगलगाय आण.

कळंब्याची_काकू
कट्टावाल्यांचं पटलं, पण मी गोगलगाय आणि पडदा दोन्ही एकदमच कर म्हणेन, आत्ता तिला खायला तरी आहे. शेवाळ संपलं की काकडीची चकती उकळत्या पाण्यातनं काढून टाक आणि सकाळी उचल. अल्गी वेफर (शेवाळ खाणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या खाद्याच्या चकत्या) नको, फायटर तोच खाऊन पोट फुगवून बसेल. आणि थंडीत हीटर लाव बाबा, आपल्याकडे जानेवारीत रात्री पाणी फार गार होतं, त्याला २५-२६ च्या आसपास हवं.

अकरावी_गल्ली (पाच आठवड्यांनी)
मंडळी, रिपोर्ट. लाइट सात तास, पडदा लावला, दाण्यांचा डबा कपाटावर ठेवला. दोन झेब्रा नेराइट आणल्या. पैलवान पहिल्या दिवशी तासभर एकीच्या समोर कल्ले फुगवून उभा, मग तिची मिशी ओढली, ती टप्पकन शिंपल्यात गेली आणि पार तळाला पडली, तेव्हा हाच घाबरून फर्नमध्ये घुसला. आता दोघं एकमेकाला विचारत नाहीत. रोज सकाळी काचेवर नागमोडी साफ पट्टा दिसतोय, अनुबियासची निम्मी पानं चकाचक. काल आई विचारत होती लाकडावर तीळ कुणी सांडले.

एक शंका, दुसरी गोगलगाय दोन दिवस एकाच जागी हाय, हलत नाही. मेली का जिती, ओळखायचं कसं?

झिंगावाला
बाहेर काढून वास घे. मेली असंल तर विचारायची गरज पडायची नाही.

अकरावी_गल्ली
घेतला. जिती हाय. आई म्हणती हात धुऊनच जेवायला ये.